तीन दिवस, ९६ किलोमीटर आणि ताईंचे मोजे

आधी थोडं तयारीबद्दल

खरं सांगायचं तर या वॉकला मी जाणारच नव्हते. जायची होती माझी पुतणी, तिच्या आईबरोबर, म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाईंबरोबर. ब्रेस्ट कॅन्सरसाठी पैसे उभे करायचा चॅरिटी वॉक, तीन दिवसांत ९६ किलोमीटर, पहिल्या दिवशी ३५, दुसऱ्या दिवशी ३३, तिसऱ्या दिवशी २८, रात्री तंबूत मुक्काम. दोघींची नावं नोंदवून झालेली, ओळखीपाळखीच्यांकडून देणग्या गोळा झालेल्या, वीस आठवड्यांच्या ट्रेनिंगचा तक्ता फ्रिजवर चिकटवलेला, आणि सात आठवडे उरलेले असताना पुतणीने जिन्यात पाय मुरगळून घेतला, घोटा प्लास्टरमध्ये. ताईंचा (जाऊबाईंना मी ताई म्हणते) फोन आला तेव्हा मला वाटलं देणगीचंच काहीतरी असणार, म्हणून मी आधीच "हो हो, देते ना" म्हणून मोकळी झाले. त्या म्हणाल्या, "पैसे नकोत गं, तू चल."

आमचं दोघींचं वाईट नाही, पण फार गूळपीठ आहे असंही नाही. सहा वर्षं एका घरात राहिलो, मग वेगळे झालो, तेव्हापासून जास्त बरं चाललंय.

चार वर्षांपूर्वी त्यांना कॅन्सर निघाला तेव्हा त्या ५६ वर्षांच्या होत्या. गाठ वगैरे काही लागली नव्हती हाताला. केस वर बांधायला दोन्ही हात उचलले आणि आरशात डाव्या बाजूला कातडीला खळी पडलेली दिसली, हात खाली केला की गायब. तीन आठवडे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, रोज आरशासमोर हात वर करून बघायच्या फक्त. पुढे सगळंच झालं, डावा स्तन काढला, काखेतले लिम्फ नोड, म्हणजे अंगातलं पाणी गाळणाऱ्या छोट्या ग्रंथी, काढल्या, किमो, रेडिएशन, आणि आता रोजची एक गोळी, लेट्रोझोल, ती अजून काही वर्षं चालू राहणार. या गोळीने इस्ट्रोजेन, म्हणजे असा कॅन्सर वाढवणारं हार्मोन, बनणं दबतं, पण सांधे धरतात. ताईंच्या भाषेत, सकाळी उठल्यावर पहिली दहा मिनिटं त्या लाकडाच्या असतात. चाललं की सुटतात, आणि चालण्याचं खूळ तिथूनच डोक्यात शिरलं.

त्यांना सोबत लागत होती त्याचं कारण वेगळं आहे. किमोत त्यांना पॅक्लिटॅक्सेल दिलं होतं, दर आठवड्याला एक असे बारा डोस. कॅन्सरवर ते काम करतं पण हातापायांच्या टोकांच्या नसांना दुखवतं. बोटांचं पुष्कळ सुधारलं, पायाचं नाही. तळव्याखाली कायम कापूस ठेवल्यासारखं वाटतं म्हणतात. म्हणजे बुटात खडा गेला तरी कळणार नाही, फोड आला तर नाहीच नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली ती एकाच अटीवर, प्रत्येक थांब्याला बूट-मोजे काढून दुसऱ्या कुणीतरी पाय बघायचे. स्वतःचे तळवे त्यांना वाकून नीट दिसत नाहीत.

तर माझी नेमणूक ही होती. चालणं दुय्यम.

सात आठवड्यांत मी जेवढं जमेल तेवढं चालले. शनिवारी लांब, रविवारी पुन्हा मध्यम, कारण सलग दोन दिवस चालायची सवयच महत्त्वाची असते, एका दिवसात कोणीही मारून नेतं. पाय सुजतात म्हणून बूट अर्धा नंबर मोठे घेतले. सुती मोजे अजिबात नाहीत, सुती मोजा घाम धरून ठेवतो आणि ओल्या कातडीला घासून फोड आणतो. बोटांच्या मध्ये व्हॅसलीन. आणि वॉकच्या दिवशी नवीन काहीही अंगावर घालायचं नाही, अगदी मोजासुद्धा. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

दिवस पहिला, ३५ किमी

पहाटे साडेपाचला अंधारात हजारेक लोक गुलाबी कपड्यांत उभे. मला गुलाबी रंग मुळातच आवडत नाही, पण त्या गर्दीत पांढऱ्या टीशर्टमध्ये मीच वेगळी दिसत होते. ताईंनी डाव्या हातावर मनगटापासून दंडापर्यंत घट्ट स्लीव्ह चढवलेली. काखेतले नोड काढले की त्या हाताचं लिम्फचं पाणी नीट वाहून जात नाही, साचतं आणि हात सुजतो, त्यातून ऊन आणि तासन् तास लोंबकळणारा हात म्हणजे सूज ठरलेलीच. म्हणून दर अर्ध्या तासाला हात डोक्यावर घेऊन मुठी उघड-मीट करायच्या. ताईंनी सुरू केलं की मागचे दोघं-चौघंही करायला लागायचे, त्यांना वाटायचं हा घोषणेचा प्रकार आहे.

सुरुवातीच्या भाषणात एकच आकडा लक्षात राहिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२२ या एका वर्षात जगात सुमारे २३ लाख बायकांना ब्रेस्ट कॅन्सरचं निदान झालं आणि ६ लाख ७० हजार दगावल्या. ताई शेजारी उभ्या राहून बुटाची नाडी बांधत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "मी २३ लाखांत नाही, माझं आधीचं वर्ष."

पहिले दहा किलोमीटर मजेत गेले, तळ्याच्या काठाने रस्ता, ऊन कोवळं. दर पाच किलोमीटरला थांबा, पाणी, खारं काहीतरी खायला, फिरती टॉयलेट्स. पाण्याबद्दल व्हॉलंटिअर फार कडक होते, नुसतं पाणी ढोसू नका, बरोबर मीठ पोटात गेलं पाहिजे. घामातून मीठ जातं आणि वरून पोटभर नुसतं पाणी प्यायलं की रक्तातलं सोडियम घसरतं, तेही तितकंच धोक्याचं. टॉयलेटच्या दारावर लघवीच्या रंगांचा तक्ता लावलेला, फिकट पिवळ्यापासून गडद तपकिरीपर्यंत, आणि बायका बाहेर येऊन मैत्रिणींना मोठ्याने आपला नंबर सांगत होत्या. लाज किती लवकर जाते बघा.

पाहणीचं काम मी पहिल्या थांब्यावर जरा घाईत उरकलं. ताई खुर्चीत, मी खाली बसलेले, त्यांचा पाय माझ्या मांडीवर. बावीस वर्षांत मी त्यांचे पाय कधी बघितले नव्हते, म्हणजे बघायचं कारणच काय. करंगळीचं नख किमोत गेलेलं ते वेडंवाकडं परत आलंय, टाचेला भेग. मी अंगठा दाबून "इथे कळतंय?" विचारलं तर "नाही". "इथे?" "नाही." "इथे?" "अगं, तू दाबतेयस हे दिसतंय मला, कळत नाहीये." मग मी विचारणं सोडलं आणि नुसतं बघायला लागले.

दुपारी एक गृहस्थ बरोबर चालत होते, साठीच्या आसपासचे. मला वाटलं बायकोसाठी चालत असतील, मी तसं विचारलंही. म्हणाले, "नाही, माझाच." पुरुषांना होतो हे मला माहीत होतं, शंभरात साधारण एक रुग्ण पुरुष असतो वगैरे वाचलेलं, पण समोर माणूस कधी पाहिला नव्हता. निप्पलच्या मागे टणक काहीतरी लागत होतं, वर्षभर त्यांनी ते मार लागल्याचं समजून सोडून दिलं. मॅमोग्राफीला गेले तेव्हा काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "पेशंट कुठे आहेत?" फॉर्मवर मासिक पाळीची शेवटची तारीख विचारलेली, ती जागा त्यांनी रिकामी सोडली तर फॉर्म अपूर्ण म्हणून परत आला. ते हे सगळं हसत हसत सांगत होते, आम्हीही हसलो, मग बराच वेळ तिघंही गप्प चाललो.

संध्याकाळी मुक्कामाच्या मैदानावर प्रायोजकांचे स्टॉल. गुलाबी बाटल्या, गुलाबी छत्र्या, गुलाबी हातोडी, हो, हातोडी. एका स्टॉलवर फुकट गुलाबी मोजे वाटत होते, ताईंनी एक जोड घेतला. मी म्हटलं सुती आहेत, त्या म्हणाल्या घरी घालेन.

या गुलाबी रिबिनीची गोष्ट मला त्या रात्री तंबूत ताईंनीच सांगितली. मूळ रिबीन गुलाबी नव्हतीच. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला शार्लट हेली नावाच्या एका अमेरिकन बाईने घरच्या जेवणाच्या टेबलावर बसून पीच रंगाच्या रिबिनी बनवून वाटायला सुरुवात केली. त्यांच्या घरात आजी, बहीण, मुलगी अशा तिघींना हा आजार झालेला. रिबिनीबरोबरच्या कार्डावर लिहिलेलं की सरकारी कॅन्सर संस्थेच्या बजेटमधला फक्त ५ टक्के पैसा आजार होऊ नये यासाठी खर्च होतो, लोकप्रतिनिधींना जागं करा. एका मासिकाने आणि एका सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने ती रिबीन मागितली, बाईंनी नाही म्हणून सांगितलं, तुमचा धंदा होईल म्हणाल्या. मग वकिलांच्या सल्ल्याने रंग बदलला आणि १९९२ मध्ये गुलाबी रिबीन आली. "म्हणजे बघ, मुळात ती भांडायची रिबीन होती," ताई म्हणाल्या आणि कुशीवर वळून झोपल्या. उजव्या कुशीवर, डाव्यावर त्या झोपत नाहीत.

मी जागीच. पोटऱ्या ठणकत होत्या आणि तंबूवर थेंब पडायला लागले होते.

दिवस दुसरा, ३३ किमी

पाऊस. धो धो नाही पण थांबतही नाही असा, त्या पावसात माणूस भिजतोच. रात्री तंबूच्या कडेने पाणी आलं आणि ताईंची पिशवी भिजली, सगळे लोकरी मोजे ओले, माझे त्यांना होत नाहीत. कोरडा उरला फक्त तो फुकटचा गुलाबी जोड.

मला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं. पण सहा वाजलेले, रांग निघालेली, आणि ओल्या मोज्यापेक्षा कोरडा सुती बरा असा हिशोब आम्ही केला, जो पहिल्या अर्ध्या तासातच चुकला कारण रस्त्यावरच्या पाण्याने तोही भिजला.

पाच किलोमीटरला पाय बघितले, ठीक. दहाला बघितले, टाचेला लाली, टेप लावला. पंधराला बघितले. विसाव्याला मात्र मी टाळलं. मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती, खाली चिखल, खुर्च्यांसाठी रांग, मला स्वतःला इतकी थंडी वाजत होती की थांबलं की दात वाजायचे. मी म्हटलं, ताई, पुढच्या स्टॉपला बघू. त्या लगेच हो म्हणाल्या, त्या काय, त्यांना काही दुखतच नव्हतं.

पंचविसाव्या किलोमीटरला बूट काढला. मोजा गुलाबीच होता, पण पुढच्या बाजूला जास्त गडद. ताई म्हणाल्या, रंग गेला असेल, स्वस्तातला आहे. मी मोजा ओढला तर तो अंगठ्याखाली चिकटला होता, सुटेना. पाण्याने भिजवून सोडवला. अंगठ्याच्या मागे चेंडूसारखा जो भाग असतो तिथली कातडी रुपयाएवढी सरकलेली, लाल. पावसाचं पाणी, घाम आणि रक्त, आणि वरून गुलाबी मोजा, दिसणार कसं. ताई वाकून माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या, पायाकडे नाही, माझ्या चेहऱ्यावरूनच त्यांनी ओळखलं. "किती?" म्हणाल्या.

मेडिकल तंबूतल्या नर्सने जखम धुतली, ड्रेसिंग केलं, आणि ज्या हाताचे नोड काढलेत त्या बाजूला आणि पायाला, दोन्हीकडे इन्फेक्शनची लक्षणं बघत राहा म्हणून बजावलं. आज पुढे चालायचं नाही. उद्याचं उद्या. जे चालू शकत नाहीत त्यांना उचलायला मागून एक गाडी फिरत असते, तिच्यात बसा.

ताई बसणार नाहीत असं मला वाटलं होतं, निदान वाद घालतील. एक शब्द बोलल्या नाहीत, निमूट बसल्या, खिडकीतून म्हणाल्या, "तू चाल, माझेही आठ तुझ्यातच धर." मला तो टोमणा वाटला. नंतर विचारलं तर म्हणाल्या टोमणा कसला, मी गंमत करत होते. आमचं हे असंच असतं.

ते आठ किलोमीटर मी एकटी चालले आणि रडले, पावसात कळत नाही हा एक फायदा. विसाव्या किलोमीटरचा तो एक थांबा डोक्यातून जात नव्हता. आणि त्याच्याही मागचं. त्यांचं रेडिएशन चालू होतं तेव्हा २५ सिटिंग होती, आठवड्याचे पाच दिवस, पाच आठवडे. मशीनखाली दहा-पंधरा मिनिटंच पण जाण्यायेण्यात अर्धा दिवस, आणि रोज सोबत कोण जाणार हा प्रश्न. या वॉकचा काही पैसा अशाच लोकांच्या जाण्यायेण्याच्या गाड्यांसाठी जातो. मी पंचविसातले दोन दिवस गेले. घर लांब, नोकरी, मुलाची परीक्षा, सगळं खरं होतं. पण खरी गोष्ट अशी की मला तिथे बसायची भीती वाटायची, त्या वेटिंग रूममध्ये स्कार्फ बांधलेल्या माझ्या वयाच्या बायका असायच्या. मी फोन करायचे, "कशा आहात?" त्या म्हणायच्या, "बरी आहे." झालं.

तीसच्या पुढे रस्त्याच्या कडेला छत्रीखाली एक आजी खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होत्या, मी दम खायला त्यांच्याजवळ थांबले. वय ८४. त्यांचं ऑपरेशन १९७१ चं. तेव्हा आधी तपासणी, मग रिपोर्ट, मग चर्चा असं नसायचं. भूल द्यायचे, गाठ कापून लगेच तपासायचे, आणि कॅन्सर निघाला तर त्याच भुलेत सगळं काढून टाकायचे. "झोपताना माहीत नव्हतं उठेन तेव्हा काय असेल. उठले, हाताने चाचपलं, मग कळलं." तेव्हाची पद्धत म्हणजे नुसता स्तन नाही, खालचे छातीचे स्नायूही काढायचे, त्यांनी कॉलरच्या खाली माझी बोटं नेऊन ठेवली, थेट फासळी लागली. बर्नार्ड फिशर या सर्जनने मोठ्या चाचण्या करून दाखवून दिलं की लवकर सापडलेल्या कॅन्सरमध्ये फक्त गाठ काढून रेडिएशन दिलं तरी बायका तितक्याच जगतात, पण ते निष्कर्ष आले १९८५ मध्ये. आजींना ते सगळं माहीत होतं, वर्षासकट. "चौदा वर्षं आधी पडले आजारी," एवढंच म्हणाल्या, आणि पुढच्या माणसासाठी टाळ्या वाजवायला लागल्या.

मुक्कामावर पोचले तर ताई कोरड्या कपड्यांत बसून माझे ओले लोकरी मोजे वाळत घालत होत्या. गुलाबी जोड कचऱ्याच्या डब्यात वरच दिसत होता.

दिवस तिसरा, २८ किमी

सकाळी ड्रेसिंग उघडलं, नर्सने बघितलं, जखम स्वच्छ, सूज नाही, ताप नाही. मग तिने जाड फेल्टचा तुकडा घेतला, मधे भोक कापलं, वडा असतो ना तसा, आणि भोकात जखम येईल असा तो तळव्याला चिकटवला म्हणजे भार कडेवर पडतो. परवानगी मिळाली, पण हळू, आणि दर अडीच किलोमीटरला पाय बघायचा, पाचला नाही.

मी एकही सोडला नाही. थांबा नसला तरी रस्त्याच्या कडेला कठड्यावर बसवून बघितलं. अकरा वेळा. बूट, मोजा, टेपची कड, बोटांच्या बेचक्या, परत मोजा, सुरकुती राहिली नाही ना, परत बूट. सहाव्या वेळेपर्यंत मी इतकी सराईत झाले की मी नाडी बांधत असताना ताई निवांत मुठींचा व्यायाम करून घ्यायच्या.

चालायला सुरुवात केली तेव्हा त्या लाकडाच्या होत्याच, त्यात जखम. आम्ही सगळ्यांत मागे पडलो. मागून ती गाडी येत होती, आमच्याच वेगाने, मिनिटामिनिटाला ड्रायव्हर खिडकीतून अंगठा वर करून विचारायचा, ठीक? ताई हात हलवायच्या, जा जा. मग ती थोडी मागे राहायची आणि परत यायची. दुपारपर्यंत मला त्या गाडीचा इतका राग यायला लागला की काही विचारू नका, बिचाऱ्याचं कामच होतं ते.

बोलणं बरंच झालं त्या दिवशी. पुतणीच्या जनुकांची तपासणी करायची का हा प्रश्न आला तेव्हाचं सांगितलं. आनुवंशिक कॅन्सर शंभरात पाच ते दहाच असतात, पण घरात निघाला की मुलीकडे बघून पोटात गोळा येतोच. आधी ताईंची तपासणी झाली, बीआरसीए१ आणि बीआरसीए२, म्हणजे ज्यांत बिघाड असला की या कॅन्सरचा धोका वाढतो ती जनुकं, दोन्हीत काही सापडलं नाही, म्हणून मुलीला त्यासाठी तपासायची गरजच पडली नाही. "चौदा नोडांपैकी दोन पॉझिटिव्ह आले त्या दिवशी मी नाही रडले, हा रिपोर्ट चांगला आला त्या दिवशी रडले," म्हणाल्या. मग पुढे, "तुला सांगायला फोन उचलला होता. मग म्हटलं कशाला." मी काहीच बोलले नाही. मोज्याची वेळ झाली होती.

शेवटचा चढ होता, छोटाच, पण तेव्हा डोंगर वाटला. पोचलो तेव्हा बाकीचे केव्हाच येऊन बसले होते. ज्यांना स्वतःला कॅन्सर झालेला त्या सगळ्यांना वेगळ्या रांगेत पुढे नेलं, पहिल्या दिवशी भेटलेले गृहस्थही त्यात, आणि बाकीच्यांनी आपापला एक बूट काढून हात उंच करून वर धरला, मानवंदना म्हणून. शेकडो घाणेरडे, चिखलाने भरलेले बूट हवेत आणि कुणी बोलत नाही. मी उजवा काढला. रांगेतून ताई मान वळवून मला शोधत होत्या, सापडल्यावर त्यांनी माझ्या पायाकडे बघितलं आणि भुवया वर केल्या. मी खाली बघितलं तर मोज्याचं टोक काळं पडलं होतं. स्वतःचे पाय मी तीन दिवसांत एकदाही नीट बघितले नव्हते.

देणगी दिलेल्या सगळ्यांना ताईंनी त्याच रात्री मेसेज पाठवला, "८८ किलोमीटर चालले, ८ गाडीने गेले." पुतणी म्हणाली, आई, गाडीचं कशाला लिहायचं, ९६ लिही ना. त्यांनी ऐकलं नाही.

आज अकरावा दिवस. काल रात्री माझ्या अंगठ्याचं नख निघून आलं, मी फोटो काढून ताईंना पाठवला. लगेच फोन. "माझं अजून आहे जागेवर." मी म्हटलं, तुम्हाला कळलं नसेल पडलेलं. "थांब," म्हणाल्या, फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला, मग खुर्ची सरकली, मग बराच वेळ काही नाही. "नाही दिसत गं नीट. शनिवारी येशील का बघायला?"